जस्ताचा हिशेब

हार्डवेअरच्या दुकानातून स्टेनलेस स्टीलच्या चार-सहा पट्ट्या, पीव्हीसी पाइपाचा तुकडा, रबरी वॉशर, नट-बोल्ट आणि थोडा कॉस्टिक सोडा आणला की पाण्यातून हायड्रोजन काढणारा डबा घरच्या घरी जुळवता येतो. बारा व्होल्टची बॅटरी जोडली की पट्ट्यांवर बुडबुड्यांची दाटी होते. पाण्याचा जळणारा वायू झालेला डोळ्यांनी पाहिल्यावर पुढची पायरी फार सोपी वाटते: हाच वायू गाडीच्या इंजिनात सोडायचा आणि पेट्रोल वाचवायचे. 2008 च्या जुलैत कच्चे तेल पिंपामागे 147 डॉलरपर्यंत चढले, तेव्हा ‘एचएचओ किट’ नावाने या डब्यांचा जगभर सुळसुळाट झाला. त्यांच्या भोवती एक समजूतही घट्ट झाली, की हा शोध नवा आहे आणि कोणीतरी तो दाबून ठेवला आहे. इतिहास पाहिला तर हायड्रोजन बनवणे कधीच अवघड नव्हते. गेल्या अडीचशे वर्षांत बदलले ते एवढेच, की त्या वायूच्या बदल्यात आपण काय खर्च करतो हे बनवणाऱ्याच्या नजरेआड होत गेले.

सुरुवातीला तो खर्च अगदी ढळढळीत होता. हेन्री कॅव्हेंडिशने 1766 साली ज्या ‘ज्वलनशील हवे’चे वर्णन केले, ती जस्त, लोखंड किंवा कथिल आम्लात विरघळवून मिळवलेली होती. 27 ऑगस्ट 1783 रोजी जाक शार्लने पॅरिसमध्ये पहिला हायड्रोजनचा फुगा सोडला, तो जेमतेम 35 घनमीटरचा. तेवढा भरायला सुमारे अर्धा टन लोखंड आणि पाव टन गंधकाम्ल ओतावे लागले. कागदावरचे गणित मांडले तर शंभर किलोच्या आतच लोखंड पुरायला हवे. बाकीचे गळतीत, उष्णतेत आणि अर्धवट राहिलेल्या क्रियेत गेले. फुगा गोनेस गावाजवळ उतरला आणि घाबरलेल्या शेतकऱ्यांनी तो फाडला, ही गोष्ट सगळे सांगतात. लोखंडाचा आकडा मात्र क्वचितच कोणी सांगतो. फ्रेंच क्रांतीच्या लष्कराला तो आकडा चांगलाच ठाऊक होता. तोफांच्या दारूसाठी गंधक राखून ठेवणे भाग होते, म्हणून टेहळणीच्या फुग्यांसाठी आम्ल वापरायला मनाई झाली आणि लाव्हाझिएच्या पद्धतीने, भट्टीत लालभडक तापवलेल्या लोखंडी नळ्यांतून वाफ सोडून हायड्रोजन काढला गेला. 1794 च्या फ्लर्यूसच्या लढाईवर जो फुगा तरंगत होता, त्याची किंमत लोखंड आणि सरपण यांत मोजलेली होती.

घरगुती हायड्रोजन यंत्राचे सर्वात सुरेख उदाहरण मला वाटते ते येना विद्यापीठातल्या योहान डोबेरायनरने 1823 साली केलेल्या दिव्याचे. आगकाड्या अजून बाजारात यायच्या होत्या. काचेच्या बरणीत सौम्य गंधकाम्ल, त्यात उपड्या नळीत टांगलेला जस्ताचा गोळा, वर एक तोटी आणि तोटीसमोर प्लॅटिनमचा सच्छिद्र तुकडा. तोटी उघडली की वायूचा झोत प्लॅटिनमवर पडून आपोआप पेटे. तोटी बंद केली की साचलेला वायू आम्लाला खाली रेटी, जस्त कोरडे पडे आणि क्रिया थांबे. हीच युक्ती डेल्फ्टच्या पेत्रुस किपने 1844 साली प्रयोगशाळेसाठी वापरली, आणि ‘किपचे उपकरण’ म्हणून ती आपल्याकडच्या रसायनशाळांतही पोहोचली. डोबेरायनरचे दिवे हजारांनी विकले गेले. पण ज्यांच्या दिवाणखान्यात तो दिवा होता त्यांपैकी एकालाही पाणी फुकट जळते असे वाटले नसेल. गोळा झिजलेला दिसे, आम्ल मेलेले दिसे, आणि दोन्ही विकत आणावी लागत.

विजेने हे चित्र फिरवले, पण लगेच नाही. व्होल्टाच्या नव्या विद्युतघटाविषयीच्या पत्राची बातमी लंडनला पोहोचताच विल्यम निकलसन आणि शल्यवैद्य अँथनी कार्लाइल यांनी चांदीची सतरा नाणी, तेवढेच जस्ताचे तुकडे आणि मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे यांची चळत रचली, आणि 2 मे 1800 रोजी तिच्या तारा पाण्यात बुडवून पाण्याचे घटक वेगळे केले. म्हणजे पहिला विद्युतअपघटनाचा डबा हाताशी असलेल्या वस्तूंतूनच जमलेला होता, आणि त्याची हकिकत निकलसनने त्याच वर्षी स्वतःच्या मासिकात उघडपणे छापली. त्या चळतीतही झिजत होते जस्तच. फक्त आता ते पाण्यापासून तारेभर दूर होते. 1830 च्या दशकात फॅरेडेने किती विजेला किती वायू हे प्रमाण नेमके बांधून दिले: एक ग्रॅम हायड्रोजनला सुमारे 26.6 अँपिअर-तास. त्यानंतर या बाबतीत गूढ असे काही उरले नव्हते. पुढे डायनामो आला, जस्ताची जागा दूरवरच्या कोळशाने घेतली आणि तार भिंतीत शिरली. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांच्या ओळखीच्या केलेल्या ज्यूल व्हर्नने 1874 च्या ‘रहस्यमय बेटा’त आपल्या अभियंत्याच्या तोंडी पाणीच उद्याचे इंधन होईल असे भाकीत घातले आहे. किट विकणारे ते हमखास पुढे करतात. पाणी फोडणारी वीज कुठून आणायची, हे मात्र ना तो अभियंता सांगत, ना विक्रेते.

हा प्रश्न ज्याने स्वतःला नीट विचारला तो डेन्मार्कचा पोल ला कूर. 1891 साली आस्कोव्ह गावी त्याने सरकारी मदतीने वीज करणारी पवनचक्की उभारली. वारा हवा तेव्हा वाहत नाही, म्हणून पोंपेओ गारुती या इटालियन अभियंत्याच्या पद्धतीचे उपकरण बसवून तो चक्कीच्या विजेने पाणी फोडी, दोन्ही वायू वेगळ्या टाक्यांत साठवी, आणि 1895 ते 1902 पर्यंत तिथल्या लोकविद्यालयाचे दिवे त्यावर जळत. इथे खर्च वाऱ्याचा होता आणि तो खरोखर फुकट होता. तरीही चक्की, उपकरण आणि टाक्या यांचा हिशेब होताच. शिवाय हायड्रोजनमध्ये थोडासा ऑक्सिजन मिसळला गेल्याने स्फोट होऊन शाळेच्या खिडक्या फुटल्याचे प्रसंगही घडले. उद्योगाने पुढची शंभर वर्षे कष्ट घेतले ते मुख्यतः अशाच दोन गोष्टींवर: धनाग्र आणि ऋणाग्र यांच्या मधला पडदा, आणि विजेची काटकसर. घरगुती किटमध्ये नेमका तो पडदाच नसतो. तिथे दोन्ही वायू एकत्र निघतात, आणि ऑक्सिजनमध्ये हायड्रोजन चार टक्क्यांपासून चौऱ्याण्णव टक्क्यांपर्यंत कोणत्याही प्रमाणात पेटू शकतो. सोड्याऐवजी स्वयंपाकाचे मीठ टाकले तर क्लोरिन निघतो, आणि स्टीलमधला क्रोमिअम विषारी रूपात पाण्यात उतरू शकतो. जुन्या लोकांनी बसवलेली भिंत काढून टाकायची आणि त्याला नवा शोध म्हणायचे, अशी ही गंमत आहे.

आता गाडीचा हिशेब. सहा कप्प्यांचा डबा बारा व्होल्टवर वीस अँपिअर घेतो असे धरू, म्हणजे 240 वॉट. फॅरेडेच्या प्रमाणाने तासाला सुमारे 50 लिटर हायड्रोजन मिळेल, आणि तो जाळल्यावर उष्णता मिळेल पावणेदोनशे वॉट-तासांच्या आसपास. पेट्रोल इंजिन त्यातली फार तर चौथाई चाकांपर्यंत नेते, म्हणजे पंचेचाळीस. ते 240 वॉट-तास अल्टरनेटरने इंजिनाकडूनच घेतलेले असतात आणि त्याचे पेट्रोल आधीच जळलेले असते. यावर जाणकारांचा आक्षेप वेगळा असतो आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही: हायड्रोजन इंधन म्हणून नव्हे, ज्वलन सुधारणारा मसाला म्हणून घालायचा असतो. हायड्रोजनची ज्योत वेगाने पसरते आणि त्यामुळे पेट्रोलचे अधिक विरळ मिश्रणही पेटते, हे खरेच आहे. नासाच्या लुइस केंद्राने 1977 साली असा प्रयोग प्रसिद्धही केला. पण तिथे हायड्रोजन सिलिंडरमधून किंवा मेथेनॉलपासून घेतला होता, अल्टरनेटरच्या विजेने नाही, आणि मिश्रण मुद्दाम विरळ राखले होते. आपल्या डब्यातून मिनिटाला सव्वा लिटर मिश्र वायू निघतो. दीड लिटरचे इंजिन दोन हजार फेऱ्यांवर त्याच मिनिटात शेकडो लिटर हवा ओढते. भाजीत एवढा मसाला घातला तर चव लागणार नाही.

दुसरा आक्षेप दडपशाहीचा, आणि त्याचा नायक ओहायोचा स्टॅन्ली मेयर. आपली बग्गी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला 22 गॅलन पाण्यात जाईल असे तो सांगे. 1996 साली दोन गुंतवणूकदारांनी त्याला कोर्टात खेचले. तज्ज्ञांनी त्याचा ‘सेल’ तपासला तेव्हा तो साध्या विद्युतअपघटनाचा निघाला, आणि न्यायालयाने उघड फसवणूक ठरवून 25,000 डॉलर परत करायला लावले. दोन वर्षांनी तो वारला आणि त्याच्या मृत्यूची दंतकथा झाली. 2012 साली पाकिस्तानातही पाण्यावर चालणाऱ्या मोटारीने वाहिन्यांना आणि मंत्र्यांनाही भुरळ घातली होती. पण दडवायचे म्हटले तरी दडवणार काय? तत्त्व 1800 पासून छापील आहे, आणि हायड्रोजनचा मोठा वापर खुद्द तेलशुद्धीकरण कारखानेच करतात. पाण्यातून तो स्वस्तात निघता तर रांगेत तेच पुढे उभे राहिले असते.

हा डबा निरुपयोगी आहे, असे मात्र यातून निघत नाही. सोनारकामात बारीक, अतितप्त ज्योतीसाठी अशीच यंत्रे वापरतात, आणि तिथे कोणी इंधन वाचते म्हणत नाही. विजेचे बिल देऊन ज्योत विकत घेतली जाते. मोठ्या प्रमाणावर हेच पंजाबात नांगलला झाले. भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या विजेवर पाणी फोडून तिथे खतासाठी हायड्रोजन काढला जाई, आणि 1962 मध्ये त्याच वायूतून जड पाणी वेगळे करणारे भारतातले पहिले संयंत्र सुरू झाले. पुढे त्याच विजेवर शहरांनी आणि शेतीपंपांनी हक्क सांगितला. 1978 साली नांगल खत कारखान्याचा विस्तार चालू झाला, तो पाण्यावर नव्हता. त्याचा हायड्रोजन इंधन तेलातून येत होता.