हाऊसफुल्ल

'जागा नाही' हे पुणेकर कुणालाही बिनदिक्कत मराठीत सांगू शकतो. नाटकाच्या दारावर मात्र तेच सांगायची वेळ आली की तो इंग्रजीत शिरतो आणि 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड लावतो.

साहेबाच्या भाषेत नाटकगृहालाही 'हाऊस' म्हणतात आणि आत बसलेल्या मंडळींनाही. तो 'फुल हाऊस'ही म्हणतो. पत्त्यांत तीन एक्के नि दोन राजे हाती लागले तरी तेच म्हणतो. आपल्याला मात्र 'हाऊसफुल्ल'च जवळचं वाटलं. 'घर भरलं' म्हणणारी माणसं आपण, भरणं शेवटीच यायचं. वर आणखी एक 'ल' पदरचा घातला! संस्कृतात 'फुल्ल' म्हणजे उमललेलं, 'प्रफुल्ल' त्यातलंच. बोर्ड लागल्यावर मॅनेजरचा चेहरा ज्यांनी पाहिलाय, ते ही व्युत्पत्ती खोटी असूनही मान्य करतील.

या शब्दाला आधी तिकीट लागतं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं ते राजाश्रयावर. तिथे बोर्ड कशाला? १८५३ साली त्यांच्या मंडळीने मुंबईला ग्रँट रोडच्या थिएटरात तिकीट लावून खेळ केले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात आनंदोद्भव नाटकगृहात आलं, तोवर पैसे मोजून नाटक बघायची सवय लागत चालली होती. पैसे मोजले की खुर्च्याही मोजाव्या लागतात.

आपला जुना शब्द 'तुडुंब'. पण तो पाण्याचा. खडकवासला तुडुंब भरलं की दरवाजे उघडतात, सभागृह तुडुंब भरलं की बंद करतात! आणि शनिवारवाड्यापुढच्या सभेला तर भरणंच ठाऊक नाही. 'जरा सरकून घ्या' म्हटलं की आणखी चार माणसं मावलीच.

सरकून घ्यायची ती सोय २०२० साली गेली. कित्येक महिने नाटकगृहांना कुलपं होती. पडद्यामागच्या कामगारांची चूल प्रयोगावर पेटते, हे एरवी आपल्या ध्यानातही नसतं. ५ नोव्हेंबरपासून नाटकगृहं उघडायला परवानगी मिळाली, पण निम्म्याच खुर्च्यांची. म्हणजे अर्धं घर रिकामं आणि सरकारी हिशोबाने भरलेलं. हशासुद्धा एक खुर्ची सोडून यायचा. २०२२ साली निर्बंध उठले. मधल्या काळातला तो बोर्ड मी आपला एकाच 'ल'ने वाचतो.