दिव्हीना कोम्मेद्या : लोकसंस्कृतीवरील प्रभाव

फ्लॉरेन्सचा महाकवी दान्ते आलीग्येरी (१२६५–१३२१) ह्याने हद्दपारीच्या काळात रचलेल्या ह्या इटालियन महाकाव्यात नरक, शोधनलोक व स्वर्ग ह्यांमधून कवीने केलेला प्रवास वर्णिलेला आहे. त्याचे १०० सर्ग व १४,२३३ ओळी आहेत. दान्तेने त्यास केवळ ‘कोम्मेद्या’ म्हटले होते. ‘दिव्हीना’ (दिव्य) हे विशेषण १५५५ च्या व्हेनिस आवृत्तीच्या शीर्षकात प्रथम आले.

लॅटिनऐवजी तस्कन लोकभाषेत रचल्यामुळे हे काव्य लवकरच विद्वानांच्या वर्तुळाबाहेर गेले. काव्यपंक्ती मोडूनतोडून गाणाऱ्या लोहाराची हत्यारे संतप्त दान्ते रस्त्यावर फेकतो, अशी एक गोष्ट साक्केत्तीच्या कथासंग्रहात आहे. ती खरी नसली, तरी काव्याच्या लोकप्रियतेची साक्ष देते. मद्यगृहांतून व बाजारांतून होणाऱ्या ह्या पठणाबद्दल पेत्रार्क मात्र नाखूष होता. ज्या नगराने १३०२ मध्ये दान्तेला, तो हाती लागल्यास जिवंत जाळण्याची शिक्षा फर्मावली, त्यानेच १३७३ मध्ये ह्या काव्यावर जाहीर व्याख्याने देण्यासाठी बोकाचीओस नेमले. सामान्यांपुढे काव्यरहस्य उघडे केल्याचा ठपका त्याच्यावर आला आणि त्याने काही सुनीतांतून आपली खंत व्यक्त केली.

नंतरच्या लोकसंस्कृतीने प्रामुख्याने नरकच उचलला. गुस्ताव्ह दोरे ह्याने १८६१ मध्ये स्वखर्चाने प्रसिद्ध केलेली नरकखंडाची चित्रे इतकी रूढ झाली, की १९११ च्या ‘इन्फेर्नो’ ह्या इटालियन मूकपटातील दृश्येही त्यांच्याच धर्तीवर रचली गेली. पूत्चीनीची ‘जान्नी स्कीक्की’ (१९१८) ही विनोदी संगीतिका नरकखंडातील मोजक्या ओळींतून उद्भवली. इटलीत १९४९–५० मध्ये मिकी माउसच्या नरकयात्रेची चित्रकथा निघाली. तिची पद्यरचनाही दान्तेप्रमाणे त्रिपदी होती. हे विडंबन मूळ काव्य जाणणाऱ्यांचे आहे. २०१० च्या एका व्हिडिओ गेमबद्दल असे म्हणता येणार नाही : त्यात दान्ते हा विळाधारी धर्मयोद्धा असून, मुळात त्याला स्वर्गात मार्ग दाखविणाऱ्या बेआत्रीचेलाच ल्युसिफर नरकात पळवून नेतो. लोकांच्या कल्पनेतील अग्निमय नरकही मुळाशी पूर्णपणे जुळत नाही. दान्तेच्या नरकात आग आहे. परंतु त्याचा तळ गोठलेला असून विश्वासघातकी तेथे बर्फात रुतलेले आहेत. सात पापांची मांडणीही नरकाची नसून शोधनलोकाची आहे.

इटलीत मात्र हे काव्य शाळेत पाठ केले जात असल्याने स्मरणातही टिकून राहिले आहे. प्रीमो लेव्ही ह्याच्या १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत, आउशविट्सच्या छळछावणीत सूपचे पिंप आणावयास जाताना तो एका फ्रेंच सोबत्याला इटालियन शिकविण्यासाठी यूलिसीझचा सर्ग म्हणू लागतो. मधल्या ओळी त्याला आठवत नाहीत. त्या जुळविता आल्यास त्या दिवसाचे सूप देऊन टाकण्याची त्याची तयारी असते. सर्ग संपतो, तेव्हा दोघेही सूपच्या रांगेत पोहोचलेले असतात.