३४ वर्षे दडवून ठेवलेला चित्रपट

युद्धावरून परतलेला धडधाकट सैनिक रात्री दचकून उठतो, त्याचे हात थरथरतात. पहिल्या महायुद्धात याला ‘शेल शॉक’ म्हणत. अनेकांना तर भित्रे ठरवले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने दिग्दर्शक जॉन ह्यूस्टन यांच्याकडून ‘लेट देअर बी लाइट’ हा माहितीपट करून घेतला. त्यात न्यूयॉर्क राज्यातील लष्करी रुग्णालयातले खरे रुग्ण आहेत. एकाला चालता येत नाही, पण त्याच्या पायांत काहीच दोष नाही. दुखणे मनाचे आहे.

१९४६ मध्ये सैन्यानेच त्यावर बंदी घातली. कारण दिले रुग्णांच्या खासगीपणाचे. ह्यूस्टन यांच्या मते मात्र, योद्धा कधी खचत नाही ही समजूत सैन्याला जपायची होती. बंदी उठली १९८० च्या अखेरीस. योगायोग पाहा, त्याच वर्षी अमेरिकी मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने ‘पीटीएसडी’ या आजाराला अधिकृत नाव दिले.

चित्रपटात एका इंजेक्शननंतर तो सैनिक चालू लागतो. त्यावरून आजार झटपट बरा होतो असे समजू नका. समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे यांनी हळूहळू फरक पडतो. हा त्रास अपघात, अत्याचार किंवा पुरानंतरही होतो. महिन्याभरानंतरही त्याच आठवणी छळत असतील, तर डॉक्टरांना जरूर भेटा. हा भित्रेपणा नाही, आजार आहे.