टीव्ही ५५ इंची, तरी संवाद ऐकू येत नाहीत. असं का होतं?

दिवाळीत मोठा टीव्ही घरी येतो, भिंतीवर चढतो आणि आठवडाभरात एकच तक्रार सुरू होते: मारामारी लागली की आवाज कमी करावा लागतो, माणसं बोलायला लागली की वाढवावा लागतो. रिमोट हातातून सुटत नाही. आजी-आजोबा तर कंटाळून उठूनच जातात. टीव्ही खराब निघाला, असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं.

टीव्ही पातळ होत गेला तशी स्पीकरची जागा गेली. जुन्या डबा टीव्हीत स्पीकर बहुधा समोर तोंड करून असायचे. आता ते खाली किंवा मागे वळवलेले असतात, त्यामुळे आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग सोफ्यापर्यंत येतो. त्यात फरशी, उघड्या भिंती आणि काचेच्या खिडक्या असल्या की खोली घुमते. जाड पडदा आणि सतरंजीनेही फरक पडतो.

दुसरं कारण सिनेमातच आहे. ५.१ ध्वनिमिश्रणात संवाद मुख्यतः मधल्या, म्हणजे सेंटर चॅनलवर ठेवलेले असतात. टीव्हीचे स्पीकर बहुधा दोनच. मग सगळे चॅनल त्या दोनांत कोंबले जातात आणि बोलणं पार्श्वसंगीताखाली दबतं. म्हणून पैसे घालण्याआधी ॲपच्या ऑडिओ पर्यायात ५.१ ऐवजी साधा स्टिरिओ ट्रॅक मिळतो का ते पाहावं.

तेवढ्याने भागलं नाही तर साउंडबार. दुकानात वॅटचे आकडे ऐकवले जातात, पण संवादासाठी पाहायचा तो चॅनलचा आकडा. २.१ म्हणजे डावा, उजवा आणि एक सबवूफर. यात सेंटर नाही. धमाके दणदणीत होतात, बोलणं जवळपास तिथंच राहतं. सेंटर सहसा ३.१ पासून मिळतो. साउंडबारची केबल टीव्हीच्या ‘एआरसी’ किंवा ‘ईएआरसी’ लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टमध्येच लावावी. दुसऱ्या पोर्टमधून टीव्हीचा आवाज बाहेर येत नाही. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ सोबत आलं, ईएआरसी २०१७ च्या २.१ सोबत. ओटीटीवरचा डॉल्बी ॲटमॉस साध्या एआरसीतूनही जाऊ शकतो, त्यामुळे ब्लू-रे न बघणाऱ्याने केवळ ईएआरसीसाठी जास्त पैसे मोजू नयेत. घरातल्या जुन्या होम थिएटरला ऑप्टिकल इनपुट असेल तर तेही भंगारात द्यायची घाई नको.

आता आकार. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्यामुळे मोठ्या पडद्याचा मोह वाढलाय. ढोबळ हिशेब असा: पडद्याच्या कर्णाच्या १.६ पट अंतरावर बसावं. म्हणजे ४३ इंचांना पावणेसहा फूट, ५५ ला सव्वासात, ६५ ला पावणेनऊ. दहा फुटी हॉलमध्ये सोफ्यावरचं डोकं भिंतीपासून दोन फूट पुढे येतं, उरतात आठ. तिथे ५५ नीट बसतो. वाचलेले पैसे आवाजावर घालणं जास्त शहाणपणाचं.

पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीला हवा, जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर. मान दुखते ती बहुधा टीव्ही फार उंच लावल्यामुळे. नव्या इमारतींत एएसी ब्लॉकच्या भिंती असतात; त्यात विटेच्या भिंतीचे साधे प्लॅस्टिक प्लग सैल पडून टीव्ही खाली येऊ शकतो. त्या ब्लॉकसाठीचेच अँकर मागावेत. अर्थिंग तपासून घ्यावं आणि वळवाच्या पावसात वीज कडाडू लागण्याआधीच टीव्हीचा प्लग आणि डिशची केबल, दोन्ही काढावीत.

घराचं काम चालू असेल तर केबलसाठी भिंतीत वेगळा पाइप आत्ताच टाकावा. वायरिंगचा नेहमीचा पाऊण इंची पाइप एचडीएमआयच्या तोंडाला पुरत नाही, किमान दीड इंची लागतो. वळणं गोलाकार ठेवावीत आणि आत एक तार सोडून द्यावी, म्हणजे पुढे केबल बदलताना तिला बांधून ओढता येते.