डोंगराचं पाणी, शहराची वीज

स्वातंत्र्यसैनिक भाई कोतवाल म्हटलं की माथेरान आणि सिद्धगड ही नावं निघतात. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगरशी त्यांचं नातं शोधायचं तर विजेच्या तारांचा आणि त्यामागच्या पाण्याचा माग काढावा लागतो.

टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवलं, ते कोकणात सोडून वीज काढली: १९१५मध्ये खोपोलीला, १९२२मध्ये भिवपुरीला, १९२७मध्ये भिऱ्याला. वीज गेली मुंबईच्या गिरण्यांना. भिऱ्यासाठी मुळशी खोरं बुडणार म्हणून सेनापती बापट १९२१च्या सत्याग्रहात उतरले. धरण झालंच. पण डोंगरानं द्यायचं आणि शहरानं घ्यायचं, या रिवाजाला पहिला जाहीर विरोध तिथे झाला.

पुढचा घाव कोतवालांचा. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानमधलं गरीब नाभिक घर. वकील झाले, माथेरान नगरपालिकेचे उपाध्यक्ष झाले. शेतकऱ्याला सावकाराच्या दारी जावं लागू नये म्हणून त्यांनी धान्यकोठ्या काढल्या, गावोगाव शाळा सुरू केल्या. ऑगस्ट १९४२च्या ‘चले जाव’ आंदोलनानंतर ते भूमिगत झाले आणि त्यांचा आझाद दस्ता उभा राहिला. दस्त्यातल्या पोरांनी रानातले विजेचे मनोरे आडवे केले. इंग्रजांची युद्धयंत्रणा मुंबईच्या कारखान्यांवर चालत होती, आणि तिची वीज याच रानावरून जात होती. २ जानेवारी १९४३च्या पहाटे सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी दस्त्याला गाठलं. कोतवाल आणि हिराजी पाटील गोळ्यांना बळी पडले.

त्याच सुमारास कल्याणजवळ महायुद्धाची लष्करी छावणी होती. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित आले आणि १९४९मध्ये तिचं उल्हासनगर झालं. ज्या उल्हास नदीवरून हे नाव पडलं, तिच्यात आंध्रा धरणाचं पाणी भिवपुरीची जनित्रं फिरवून उतरतं. उन्हाळ्यात नदी वाहते ती मुख्यतः त्याच्या जोरावर, आणि बदलापूरच्या बॅरेजवर तेच उचललं जातं. कोतवालांच्या काळी मुंबईच्या विजेसाठी सोडलेलं पाणी आज या पट्ट्याच्या नळाला येतं.

या पाण्यात भर पडली बारवी धरणाची. एमआयडीसीच्या या धरणासाठी मुरबाड तालुक्यातल्या गावांची जमीन गेली. उंची वाढवताना आणखी गेली. सिद्धगडही याच तालुक्यातला. धरणग्रस्तांनी नोकऱ्यांसाठी वर्षानुवर्षं आंदोलनं केली.

२ जानेवारीला सिद्धगडावर हार वाहणं सोपं आहे. पण या शहरांनी कोतवालांचं नाव घ्यायचं तर आपण आता तारेच्या कोणत्या टोकाला आहोत, हे आधी पाहावं. १९४२मध्ये घेणारी मुंबई होती. आज घेणाऱ्यांत आपणही आहोत, आणि मुरबाडच्या बुडालेल्या शेतांचा हिशेब आपल्याच पाणीपट्टीत धरायला हवा.