सासवण्याची म्हैस

विनायक पांडुरंग करमरकर (१८९१–१९६७) म्हटले की पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा डोळ्यांपुढे येतो, आणि तो यावाच. पण त्याच्या पाठोपाठ एक मत बिनचौकशी स्वीकारले जाते. अलिबागजवळ सासवण्याला करमरकरांच्या घरी जे शिल्पालय आहे, त्यातली म्हैस, मोती कुत्रा, कोळीण ही म्हणे थोर शिल्पकाराची फावल्या वेळातली कामे. पुतळे ही कमाई, बाकीचा विरंगुळा. आमच्या रायगड जिल्ह्यातही असेच बोलले जाते. मला हे मत साफ अमान्य आहे.

पूर्वपक्ष दुबळा नाही, म्हणून तो आधी नीट मांडतो. पोरवयात करमरकरांनी गावच्या देवळाच्या भिंतीवर शिवाजी महाराज रंगवले. ते चित्र कुलाब्याचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि मुलाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची वाट मिळाली. पुढे १९२८ साली तोच विषय पुण्यात ब्राँझमध्ये उभा राहिला. भिंतीपासून ब्राँझपर्यंतची ही रेषा सरळ आहे आणि तिच्यात म्हैस बसत नाही. शिवाय ती कोणी मागितली नव्हती. आणि आहेही सिमेंटची.

मागणीचा मुद्दा आधी घेऊ. सार्वजनिक पुतळ्याची उंची, पोशाख, बैठक यांत देणाऱ्यांचा शब्द चालतो. महाराजांना पाहिलेले तर कोणीच हयात नव्हते. जुन्या तसबिरींवरूनच चेहरा बेतायचा. घोडा मात्र जनावर पाहूनच करावा लागतो. एवढा भार चार पायांवर कसा तोलला जातो, मान वळली की खांद्याचे कातडे कुठे ताणते, हे कोणत्याही तसबिरीतून कळत नाही. पुण्यातल्या घोड्यात जराशी उणीव राहिली असती, तर स्वाराच्या तेजापुढे ती कोणाला दिसलीही नसती. म्हशीपाशी अशी सवलत नाही. तिच्यामागे पराक्रम नाही, इतिहास नाही, आणि कोकणातला कोणताही गुराखी तिचा परीक्षक आहे. शिल्पकाराची कसोटी पाहायची तर ती इथे पाहावी.

‘नेहमीच्या वळणाचे नाही, म्हणून दुय्यम’ हा न्याय खरा मानला, तर गणपतराव म्हात्र्यांचे काय करायचे? त्यांनीही पुढे जन्मभर मान्यवरांचे पुतळे घडवले. पण त्यांचे नाव टिकले आहे ते विद्यार्थिदशेतल्या ‘मंदिरपथगामिनी’वर: प्लॅस्टरमधली, कोणाच्याही मागणीवाचून केलेली, देवळाकडे निघालेली एक मराठी मुलगी. तिथे आपण मागणी विचारली नाही, माध्यमही विचारले नाही. मग कोळणीला का विचारतो?

साध्या माणसांच्या मूर्तींना कमी लेखणे या किनाऱ्याची जुनी रीतही नव्हे. आमच्या तळा तालुक्यातल्या कुडा लेण्यांत सहाव्या लेण्यात स्त्रीपुरुषांच्या मोठ्या जोड्या कोरल्या आहेत. लेणे दिले शिवभूती नावाच्या लेखनिकाने; त्यातल्या शिल्पकामाचे दान त्याच्या धाकट्या भावाने, शिवमाने, सहकुटुंब केले, आणि ते शिलालेखात वेगळे नोंदवले आहे. खांबांचे दान मुलींच्या नावे आहे. कोरीवकाम ही स्वतंत्रपणे नोंदवण्याची गोष्ट आहे, हे त्या घराला कळत होते.

राहिले सिमेंट. पुण्याचा पुतळा माझगाव डॉकमध्ये एकसंध ओतवून घेणाऱ्या माणसाला ब्राँझ अपरिचित नव्हते. पण ब्राँझला भट्टी लागते, कसबी ओतारी लागतात आणि खर्च उचलणारा लागतो. सिमेंटने शिल्पकाराला त्या तिघांतून मोकळे केले. त्याचा राखी, खरबरीत पृष्ठभाग म्हशीच्या कातड्याला ब्राँझच्या झळाळीपेक्षा अधिक शोभतो, असे माझे स्पष्ट मत आहे. शिल्पालयातले प्रत्येक काम याच तोलाचे आहे, असा माझा दावा नाही. काही मुखवटे सफाईपलीकडे जात नाहीत. म्हैस आणि कोळीण मात्र त्या रांगेतल्या नव्हेत.

हा वाद केवळ मानापानाचा नाही. सिमेंटच्या शिल्पात आधाराला लोखंड असते. समुद्राची खारी हवा बारीक भेगांतून आत शिरते, लोखंड गंजून फुगते आणि वरचा थर कपच्यांनी सुटू लागतो. तो वेळीच राखायला जाणकार हात आणि पैसा लागतो, आणि विरंगुळा म्हणून नोंदलेल्या कामासाठी तो कोणी मंजूर करत नाही.