पावशाची साक्ष

मृगाच्या तोंडावर लोहगडवाडीस पहाटेच्या धुक्यांत पावशाचा चढता स्वर आमच्या कानीं पडला. मराठी कुणब्यानें त्यांत ‘पेरते व्हा’ ही सूचना ऐकली, हिंदी विरहिणीनें ‘पी कहाँ’ हा प्रश्न, आणि उन्हाळ्यानें त्रासलेल्या इंग्रजानें ‘ब्रेन फीव्हर’ हें दुखणें! पक्षी एकच, ऐकणाऱ्याची गरज मात्र निराळी. मग साक्ष कोणाची धरावी?

यंत्रानें हा वाद अंशतः मिटविला. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ सालचा. पुढें १८८९ मध्यें जर्मनींत लुडविग कॉख ह्या आठ वर्षांच्या मुलानें मेणाच्या नळीवर शामा पक्ष्याचें गाणें उतरविलें. पक्षिस्वराचें ज्ञात असलेलें सर्वांत जुनें मुद्रण तें हेंच. आणि शामा तर आपल्या देशींचा! २००५ पासून ‘झेनो-कँटो’ ह्या जागतिक संग्रहांत हौशी मंडळी स्थळ-काळाच्या नोंदीसह असे स्वर ठेवीत आहेत. त्यांच्याशीं अनोळखी स्वर ताडून पाहतां येतो.

तथापि यंत्र स्वर टिपतें, अर्थ नव्हे. तो वाडींतील वृद्धांच्या कानांत आहे, व त्यांच्याबरोबरच जाईल. म्हणून आमची हौशी संग्राहकांस विनंती एवढीच, कीं स्वराशेजारीं गांवानें त्याला दिलेले शब्दहि मुद्रित करावेत. नाहीं तर पावशा राहील, आणि ‘पेरते व्हा’ हरपेल.